हलका आठवडा शरीरालाही कळू द्या

व्यायामशाळेत नियमाने जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘डीलोड’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. चार-सहा आठवडे वजनं चढवत न्यायची आणि मग एक आठवडा हात आखडता घ्यायचा, हे बहुतेकांना पटलेलं दिसतं. ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्या आठवड्यात व्यायामशाळेबाहेर काय केलं, असं विचारलं की मिळणारी उत्तरं काळजीत टाकतात. वजनं कमी होती, अंगात ताकद शिल्लक होती, म्हणून रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळलो, शनिवारी क्रिकेटचा सामना झाला, रविवारी किल्ला चढून आलो. सोमवारी बार खांद्यावर घेतला तर पाय उचलेनात!

बॅडमिंटनचा थकवा वेगळा आणि स्क्वॉटचा वेगळा, असं शरीर मानत नाही. मांडी तीच, गुडघा तोच, झोपही तीच. म्हणून हलका आठवडा ठरवताना फक्त वजनांचा विचार करून भागत नाही, अख्ख्या दिवसाचा करावा लागतो.

आधी आकडे पाहू. एखादा तरुण 80 किलोने 5 सेट, प्रत्येकी 5 वेळा स्क्वॉट मारतो. एका दिवसात त्याने 2,000 किलो उचलले. हलक्या आठवड्यात तो 70 किलोचे दोनच सेट करतो, म्हणजे 700 किलो. भार साधारण एक तृतीयांशावर आला आणि तरीही मोठ्या वजनाची सवय सुटली नाही. हे गणित उत्तम आहे.

आता आपला ग्वाल्हेरचा किल्ला घ्या. गुजरी महालापासून हाथी पोलपर्यंतची पूर्वेकडची वाट पायीच चढावी लागते आणि ती चांगलीच अंगावर येते. चढताना दम लागतो, त्यामुळे ‘व्यायाम झाला’ असं वाटतं ते चढण्याचं. पण खरी वसुली उतरताना होते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. अशा कामाने स्नायूच्या तंतूंना जास्त इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. चतुर्भुज मंदिरापाशी थांबून शून्याचा जुना लेख पाहत सावकाश चढणं-उतरणं वेगळं आणि मित्रांशी पैज लावून धावत उतरणं वेगळं. पहिलं हलक्या आठवड्यात चालेल, तेही अंगाला चढाची सवय असेल तर. दुसऱ्याने वाचवलेला भार पुरता खर्च होतो.

ताकदीच्या सरावाला दुसऱ्या दमवणाऱ्या व्यायामाची जोड दिली तर काय होतं, या प्रश्नावरचं सर्वांत गाजलेलं संशोधन रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं आहे. ते स्वतः वजनं उचलणारे होते. प्रयोगशाळेतले त्यांचे गुरू जॉन होलोझी यांच्याबरोबर रोज धावायला लागल्यावर आपले स्नायू आटताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून प्रयोग उभा राहिला. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून 5 दिवस फक्त ताकदीचा सराव केला. दुसऱ्या गटाने त्याच्या जोडीला 6 दिवस जोरकस धावणं आणि सायकलिंग केलं. साधारण सात आठवडे दोन्ही गटांची ताकद वाढत गेली. मग दुसऱ्या गटाची थबकली आणि दहाव्या आठवड्यापर्यंत चक्क घसरली. तो भार टोकाचा होता, हे खरं. माफक धावण्याने किंवा चालण्याने ताकद घटते, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. पण दोन्हीकडे जीव तोडून मेहनत करायची आणि दोन्हीचं फळ पुरेपूर मागायचं, हे फार दिवस चालत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग आठवडाभर पडून राहावं का? तेही नको. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात 9 आठवड्यांच्या सरावाच्या मधोमध एका गटाला आठवडाभर पूर्ण सुटी दिली होती. 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखी झाली, पण सुटी न घेतलेल्यांची पायांची ताकद थोडी जास्त वाढली. म्हणून सेट निम्मे करा, वजन जरासं उतरवा, शेवटचा जोर न लावता बार ठेवून द्या, पण बार सोडू नका. सोबत चालणं, निवांत पोहणं, आसनं असू द्यात. चालताना शेजाऱ्याशी सहज बोलता आलं पाहिजे, एवढी एक कसोटी पुरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी याचा बाऊ करू नये. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या नवशिक्याच्या वाट्याला लग्नकार्य, परीक्षा, ताप यांतून हलके आठवडे आपोआप येतात. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं वजनं चढवली आहेत, नेहमीचं वजन ज्यांना अचानक जड वाटू लागलं आहे, झोप तुटते आहे, सकाळची नाडी वाढली आहे, त्यांनी मात्र ऐकावं.

आणि त्यांनी आठवडा निवडावा तो कॅलेंडर समोर ठेवून. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे उतरवणं, गाद्या उन्हात टाकणं, स्टुलावर चढून पंखे पुसणं चालू असतं. घरातल्या बाईच्या अंगावर पडणारं हे काम कोणत्याही सरावाच्या वहीत लिहिलं जात नाही. तो आठवडा तिने व्यायामशाळेत हलकाच ठेवावा, आणि तो विश्रांतीचा झाला असं मात्र समजू नये. पुण्यात ढोलपथकात वाजवणाऱ्या भाचे-पुतण्यांनाही हेच लागू आहे. कमरेला ढोल बांधून तास-तास वाजवल्यावर डेडलिफ्टचा हट्ट कशाला?

आपल्याकडे ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपलीकडे जातो, लू वाहते, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. उष्णतेत हृदयाला त्वचेकडेही जादा रक्त पाठवावं लागतं आणि झोप उडाल्याने झीज भरून निघत नाही. अशा वेळी हलके आठवडे लवकर-लवकर घ्यावेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनासुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितलं आहे, इतर ऋतूंत त्याहून कमी. ऋतू पाहून मेहनत ठरवण्याचं हे शहाणपण आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे.

कोल्हापूरच्या तालमीत राहणाऱ्या पैलवानाचा वस्ताद जोर-बैठकांइतकंच त्याच्या खुराकावर आणि झोपेवर लक्ष ठेवतो. व्यायामशाळेतला प्रशिक्षक तुम्हाला दिवसातला एकच तास पाहतो. उरलेल्या तेवीस तासांत तुम्ही दुकानात उभे असता की क्रिकेट खेळता, हे त्याला कसं कळणार? 1957 पासून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी लक्ष्मीबाई संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या प्रशिक्षकांनी तरी वजनं वाढवण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यांनी नाही विचारला, तर तुम्ही आपणहून सांगा. वहीत एक रकाना वाढवा आणि त्यात खेळ, चढ-उतार, घरकाम, झोप रोज टिपून ठेवा. पुढचा हलका आठवडा तो रकाना वाचून ठरवा.