त्यांना विमान, आपल्याला तारीख



रात्री रानात जाताना आपण बॅटरीत एव्हरेडीचे सेल घालतो. १९८४ साली ते सेल बनवणारी कंपनी होती युनियन कार्बाइड. तिचाच भोपाळला किडे मारायच्या औषधाचा कारखाना होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या टाकीतून विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून झोपडपट्टी होती. हातावर पोट असलेली माणसं झोपेतून उठून खोकत, डोळे चोळत पळाली, पळता पळताच पडली. हजारो मेली. उरली त्यांना आज चार पावलं चाललं तरी धाप लागते.

हे काय देवाने केलं नाही. विष थंड ठेवायचं यंत्र कंपनीने खर्च वाचवायला काही महिने बंदच ठेवलं होतं. सुटलेला वायू जाळायच्या धुराड्याचा पाइप काढून ठेवला होता.

७ डिसेंबरला कंपनीचा सगळ्यात मोठा साहेब वॉरन अँडरसन अमेरिकेहून भोपाळला आला. पोलिसांनी त्याला धरला. ठेवला कुठे? कंपनीच्याच गेस्ट हाऊसवर! त्याच दिवशी जामीन, त्याच दिवशी सरकारी विमानाने दिल्ली, तिथून अमेरिका. तो गेला तो गेलाच.

आता आपलं बघा. मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरच्या चौघांना फॉरेस्टवाल्यांनी धरलं. बापाच्या वेळेपासून कसतात ती जागा, म्हणे अतिक्रमण. नांगर जप्त, कोयते जप्त. कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदाराचा सातबारा आणा म्हणाले. अहो, आमच्याकडे सातबारा असता तर ही केस झाली असती का? तीन गावं फिरलो. शेवटी सावकारापुढेच हात जोडले. त्याच्याकडे सातबारे पुष्कळ, ते कसे आले ते तुम्हाला माहीत आहे. अकरा दिवस चौघं आत. आवणी गेली.

१९७८ च्या डिसेंबरात सरकारनेच ठराव काढला, की जुनी अतिक्रमणं कायम करू. तो ठराव कपाटात राहतो. आपल्यावरची केस मात्र कपाटात राहत नाही.

आणि आता ऐका. १४ फेब्रुवारी १९८९ ला सुप्रीम कोर्टात भोपाळचा सौदा झाला. भोपाळच्या लोकांच्या वतीने आम्हीच भांडू, असा कायदा सरकारने १९८५ साली केला होता. मागितले ३३० कोटी डॉलर, मिटवलं ४७ कोटींवर. मेलेल्यांच्या घरच्यांना विचारलं नाही. वर आणखी, कंपनीवरचे आणि साहेबांवरचे सगळे फौजदारी खटले तेव्हा रद्द केले! ही बातमी आल्यावर अमेरिकेत कंपनीच्या शेअरचा भाव वाढला. म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांना कळलं, सौदा कोणाला स्वस्त पडला.

म्हणतात, लोकांना पैसे लवकर मिळावेत म्हणून असं केलं. पैसे जरूर द्या, लवकर द्या. पण त्यासाठी खटला का सोडायचा? नुकसानीची भरपाई वेगळी, गुन्ह्याची शिक्षा वेगळी. आम्ही उद्या रेंजरला म्हटलं, साहेब, चार झाडांचे पैसे घ्या आणि केस मिटवा, तर मिटवील? गार्ड कोंबडी खातो, तरी केस राहतेच.

भोपाळच्या बाया, आजारी बाया, दिल्लीला सुप्रीम कोर्टाच्या दारात जाऊन बोलल्या, की हा सौदा आम्हाला मान्य नाही, खटला चालवा. आमचंही तेच म्हणणं आहे.

आपल्या चौघांची तारीख येत्या बुधवारी आहे. ते एकटे जाणार नाहीत. दर पाड्यावरून दहा जणांनी, बायांनी पण, भाकरी बांधून पहिल्या एस्टीने तालुक्याला यायचं. तहसीलदाराला द्यायचं निवेदन तयार आहे. त्यात दोन मागण्या आहेत: वनजमिनीच्या केसेस काढा, भोपाळचा खटला परत उघडा. अंगठ्यासाठी शाईचा डबा आम्ही आणतो.