हवा कुणाच्या डब्यात? वाफेच्या मेलपासून डहाणू लोकलपर्यंत



वाफेच्या इंजिनाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचे, ‘काय ते सोनेरी दिवस!’ ही फॅशन सध्या जोरात आहे. फ्रंटियर मेलचे नाव निघाले की काही मंडळींचे डोळे पाणावतात. त्यांच्याबरोबर आणखी एक वाक्य ठरलेले असते: रेल्वे आली, ब्राह्मण आणि महार एका बाकावर बसले आणि जात मोडली. शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत.

आम्ही डहाणू-तलासरीच्या बाजूने या वाक्याची उलटतपासणी करणार आहोत. साक्षीदार म्हणून आम्ही डब्यातली हवा घेत आहोत. पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला विचारला. आगगाडीच्या डब्यात शिरून तोच प्रश्न हवेबद्दल विचारा, म्हणजे सोनेरी दिवस कुणाचे होते ते आपोआप कळेल.

आधी सायबाच्या देशापासून सुरुवात करू. तिकडे त्रास थंडीचा. सुरुवातीच्या काळात पहिल्या वर्गाच्या प्रवाशाच्या पायाखाली गरम पाण्याचे डबे ठेवत. पुढे इंजिनातलीच वाफ नळातून डब्यांत खेळवली गेली. आणि त्याच सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गाचा कामगार उघड्या वाघिणीत बसून जात होता. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंग येथे गाडी दरडीच्या ढिगाऱ्यावर आदळली आणि नाताळसाठी घरी निघालेले दगडकाम करणारे मजूर उघड्या डब्यांतून फेकले जाऊन मेले. त्यानंतर १८४४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, की तिसऱ्या वर्गाला बसायला जागा आणि डोक्यावर छप्पर द्यावेच लागेल. म्हणजे कंपनीला आपणहून दया आली नाही. माणसे मेली, ओरड झाली, कायदा झाला, तेव्हा छप्पर आले. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपल्याकडे त्रास उकाड्याचा. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची लाईन डहाणूवरून १८६४ साली मुंबईपर्यंत आली. या देशात पहिल्या वर्गासाठी खिडक्यांना वाळ्याचे ताटवे लावून त्यांवर पाणी मारण्याची सोय झाली. तीन-तीन प्रकारच्या खिडक्या आल्या, काचेची, जाळीची आणि लाकडी पट्ट्यांची झिलमिली. ऊन अडावे म्हणून दुहेरी छप्पर आले. साहेबाच्या डब्याला लागून त्याच्या नोकराचा छोटा डबा असे. जातिव्यवस्थेला हा नकाशा नवा नव्हता. वाडा आणि वाड्यामागची पडवी आता चाकांवर धावू लागली, एवढेच.

आणि तिसरा वर्ग? प्रवाशांचा फार मोठा भाग तिसऱ्या वर्गाचा होता. प्रवासी उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांच्याच तिकिटांतून येत होता. त्यांच्या वाट्याला लाकडी बाके आणि कोंबलेली माणसे. यात्रेच्या गर्दीत तर प्रवाशांना सरळ मालडब्यांत भरत. खिडकी उघडावी तर इंजिनाची काजळी आणि निखाऱ्याचे कण डोळ्यांत, लावून घ्यावी तर जीव गुदमरायचा. १९२१ च्या ॲकवर्थ समितीलाही तिसऱ्या वर्गाच्या गर्दीची दखल घ्यावी लागली. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली, तिच्यातले वर्णन खोटे नाही. पण त्यांनी तो डबा निवडला होता. आमच्या आज्या-पणज्यांपुढे निवड नव्हती.

आता तांत्रिक मुद्दा नीट समजून घेऊ. कारण व्यवस्था बहुतेक वेळा तांत्रिक मुद्द्याच्या आडच लपलेली असते. वाफेच्या काळातल्या साध्या डब्यात हवा खेळवायला पंखा नव्हता. डब्याच्या टपावर बसवलेले व्हेंटिलेटर असत. गाडी धावू लागली की टपावरून जाणारा वारा आतली गरम, कोंदट हवा त्यांतून बाहेर ओढून घेई आणि खिडक्यांतून नवी हवा आत येई. युक्ती चांगली होती. पण ती चालायची गाडी चालू असेपर्यंतच. गाडी थांबली की वारा थांबला, वारा थांबला की व्हेंटिलेटर म्हणजे टपावरचा नुसता पत्रा.

मग प्रश्न असा, की थांबायची कोणती गाडी? मेल थांबत नाही. थांबते पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनवर थांबते आणि मागून मेल आली की बाजूच्या लाईनवर टाकली जाते. तिसऱ्या वर्गाने भरलेली पॅसेंजर उन्हात उभी आणि मेल धूर सोडत पुढे निघून गेली, हे दृश्य या देशाने शंभर वर्षे पाहिले. हवा वेगावर अवलंबून, वेग गाडीच्या मानावर आणि गाडीचा मान आत बसणाऱ्याच्या मानावर. बाबासाहेबांनी जिला पायरीपायरीची विषमता म्हटले, ती इथे टपावरच्या व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचली होती. त्यासाठी कुणाला ‘अस्पृश्यांना हवा बंद’ अशी पाटी लावावी लागली नाही. वेळापत्रक पुरेसे होते.

फ्रंटियर मेल याच डहाणू रोडवरून जायची. १९२८ साली मुंबई-पेशावर अशी ती सुरू झाली आणि १९३४ साली तिला थंड हवेचा डबा लागला. त्यात आजच्यासारखे यंत्र नव्हते. डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरायच्या, बॅटरीवरच्या पंख्याने त्या बर्फावरून हवा आत सोडायची आणि वितळलेल्या बर्फाच्या जागी वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरायच्या. सोनेरी दिवसांची भक्त मंडळी हा किस्सा फार कौतुकाने सांगतात. आम्ही फक्त एवढेच विचारतो, की त्या वर्षांत रुळाच्या दोन्ही बाजूंना काय चालले होते?

रुळाच्या पूर्वेला वारली, कोकणा, काथोडी, दुबळा यांची गावे. जंगलातले लाकूड आणि माळावरचे गवत तोडायचे त्यांनी, नफा ठेकेदाराचा आणि जमीनदाराचा. वेठ म्हणजे फुकट राबणे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघे सावकाराकडे गहाण, ती लग्नगडी पद्धत. हे आम्ही पदरचे सांगत नाही. मुंबई सरकारनेच नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास आदिवासी भागांवर अहवाल लिहिला, त्यात या जुलमाची नोंद आहे. मेलच्या तळाशी बर्फ भरला जात होता त्याच दशकात इथला माणूस लग्नाच्या कर्जात गहाण पडत होता. रूळ एकच, दशक एकच.

आणि त्या रुळांवर काम कोण करत होते? कार्ल मार्क्सने १८५३ साली भाकीत केले होते, की रेल्वेतून येणारे आधुनिक उद्योग जातीची वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. पंच्याऐंशी वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे हिशेब मांडला. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच राबतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी याच परिषदेत सांगितले. उन्हात रूळ ठोकणारा गँगमन आमचा. त्या रुळावरून बर्फावरची हवा खात जाणारा दुसरा कुणी. रेल्वेने जात मोडली म्हणणाऱ्यांनी मनमाडचे भाषण एकदा वाचावे.

रेल्वेने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. तिसऱ्या वर्गात खांद्याला खांदा लागला, हे खरे. रेल्वेच्या पगारामुळे आमच्या अनेक घरांत पाटी-पेन्सिल आली, हेही खरे. पण गर्दीने खांदा लागणे आणि समतेने शेजारी बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टेशनवर उतरल्यावर तोच खांदा परत आपापल्या वाड्यात आणि वस्तीत जात होता.

बदल झाला तो संघर्षातून. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठ करणार नाही, असे लोकांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर मुंबई विधिमंडळात निवडून गेले होते, पुढे ते कम्युनिस्ट झाले. त्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांना आदिवासी बळी पडले, पण वेठ मोडली. आपल्या तरुणांना हा धागा माहीत नसतो. निळा झेंडा आणि वारल्याचा कोयता यांची ओळख जुनी आहे. ती विसरण्यात आपलेच नुकसान आहे. डब्यांतही तसेच झाले. सगळ्या वर्गांच्या डब्यांत पंखा आणि दिवा हवाच, हे धोरण स्वतंत्र भारतात, मताचा अधिकार सर्वांना मिळाल्यावर आले. तिसरा वर्ग हे नाव १९७४ साली गेले.

नाव गेले. वर्ग गेला का?

मुंबईची उपनगरी गाडी विरारला १८६७ साली पोहोचली. डहाणू रोडला लोकल यायला २०१३ उजाडले. तलासरी गावाला आजही जीप किंवा टमटम पकडून डहाणू रोड नाही तर उंबरगाव गाठावे लागते. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे टेम्पोत बसून जातात, पोरे आणि भांडीकुंडी एकत्र. विरारच्या पुढे आजवर दोनच मार्गिका, त्यामुळे मागून लांब पल्ल्याची वातानुकूलित गाडी आली की कोण थांबणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वेळापत्रकाची जुनी रीत तशीच आहे, फक्त इंजिनातली वाफ गेली. विरार-डहाणू चौपदरीकरण डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाले. त्याची वाट पाहतच आम्ही मे महिन्यात दारात लोंबकळतो, कारण डब्यात हवा दारातूनच येते.

आता ते दारही बंद होणार आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने जाहीर केले, की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवू, दारांत हवेसाठी झडपा ठेवू, टपावरून हवा आत सोडणारी यंत्रणा लावू. दारे बंद व्हायला आमचा विरोध नाही. पडून मरणारी माणसे आमचीच आहेत. पण झडप आणि टपावरची यंत्रणा हे शब्द ऐकले की आम्हाला वाफेच्या गाडीचा व्हेंटिलेटर आठवतो.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. या गाडीची हवेची परीक्षा रिकाम्या, धावत्या गाडीत घेऊ नका. ती मे महिन्यात, दुपारी, माणसांनी खच्चून भरलेली गाडी दारे बंद करून विरार-डहाणूच्या मध्ये अर्धा तास उभी ठेवून घ्या. वीज गेली तर आत हवा कशी येणार, ते त्याच वेळी तपासा. निकाल मराठीत, स्टेशनवर लावा. दुसरे, ‘हवा पाहिजे तर एसीचे तिकीट काढा’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही. श्वास घ्यायचा दर साध्या तिकिटातच धरलेला असला पाहिजे. तिसरे, चौपदरीकरणानंतर नव्या मार्गिकांवर पहिला हक्क लोकलचा राहील, हे लेखी द्या.

‘लोकच गर्दी करतात,’ असे म्हणणारे आहेतच. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या आपल्या माणसांबद्दलही ते हेच बोलतात. त्यांना सांगा, गर्दी लोक करत नाहीत. डबे कमी देणारे गर्दी करतात.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी वाफेच्या इंजिनाचा फोटो पाठवला तर भांडू नका. एकच विचारा: यातल्या कोणत्या डब्यात तुझे आजोबा बसले होते, आणि तिथे हवा होती का? आणि मग या तीन मागण्यांचे निवेदन घेऊन डहाणू रोड स्टेशनवर या. सॉनिंगच्या मजुरांना मेल्यावर छप्पर मिळाले. आपण त्याआधीच बोलू.

जयभीम! जोहार! जय संविधान!