अर्ज भरा

नाटक शिकायची ओढ असलेली मुलं भिगवण, इंदापूर, बारामतीत गावोगाव आहेत. ‘आपण कुठं अभिनय शिकलोय?’ या एका प्रश्नापाशी ती अडतात, आणि नाट्यविद्यालयाच्या प्रवेशअर्जाची मुदत निघून जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भिगवणहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालं की जेऊर लागतं, पुढं केम. जेऊरच्या दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’ सिनेमासाठी केमचा सोमनाथ अवघडे निवडला. हलगी वाजवणारं पोर ते. पहिल्याच भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ची रिंकू राजगुरू अकलूजची, तीही कुठल्या अभिनयशाळेतून आलेली नव्हती. सिनेमात दिग्दर्शक शोधत दारात आला. नाट्यविद्यालयात मात्र आपल्यालाच जावं लागतं.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं. तिथं अर्ज करायला अभिनयाची पदविका लागत नाही. पदवी आणि नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. हा अनुभव इथंही मिळतो: गॅदरिंग, पथनाट्य, जत्रेतलं नाटक, कॉलेजची एकांकिका. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून महाविद्यालयीन मुलांसाठीच आहे. प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, फोटो, तारीख जपून ठेवा.

अर्जानंतरच्या प्रवेशचाचणीचं स्वगत पाठ करण्याआधी ते नाटक सबंध वाचा. परीक्षक त्या पात्राबद्दल खोदून विचारू शकतात. नाटकाची पुस्तकं गावच्या वाचनालयात नसतील, तर मागणी नोंदवा. आणि वाचनालय चालवणाऱ्यांनो, ती मागणी कृपया पुरी करा.