लॅपटॉप म्हातारा झालेला नाही

जून महिना आला की इथल्या दुकानांच्या जाहिराती एकच गोष्ट सांगू लागतात: ३० तारखेच्या आत लॅपटॉप घ्या. आर्थिक वर्ष संपतंय, सवलत आहे, करात वजावटही मिळेल. आणि नेमका त्याच सुमारास तुमचा चार वर्षांचा लॅपटॉप तुम्हाला असह्य व्हायला लागतो. पंखा मिक्सरसारखा घरघरतो, टॅब बदलला की चक्र फिरत राहतं, सांगलीतल्या आईशी व्हिडिओवर बोलताना तिचा चेहरा मध्येच थिजतो. मग जेवणाच्या टेबलावर निकाल लागतो: "जुना झालाय, बदलून टाकू."

माझं अपील या निकालाविरुद्ध आहे. आरोपीची बाजू कुणी ऐकलेलीच नाही.

आधी त्या वजावटीचं बघू. तुम्ही नोकरदार असाल तर ३०० डॉलरपेक्षा महाग वस्तूची वजावट एका दमात मिळत नाही. ती घसाऱ्याने मिळते, तीही कामासाठीच्या वापरापुरती. २५ जूनला घेतलेल्या लॅपटॉपची त्या वर्षाची वजावट पाच-सहा दिवसांची. म्हणजे जी घाई केली ती दुकानदाराच्या सोयीसाठी. घसाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियन टॅक्सेशन ऑफिस लॅपटॉपचं आयुष्य दोन वर्षं धरतं. पण तो हिशेबनिसाचा आकडा आहे, डॉक्टरचा दाखला नव्हे. बॅटरी उतरते, पंख्यात धूळ साचून यंत्र तापतं, हे खरं. पण धूळ झटकता येते, बॅटरी बदलता येते. आतला प्रोसेसर मात्र पहिल्या दिवशी करायचा तेवढीच आकडेमोड आजही करतो.

मग बदललं काय? आपण त्याच्या डोक्यावर दिलेलं ओझं बदललं. एचटीटीपी अर्काइव्ह हा प्रकल्प २०१० पासून वेबपानांची वजनं मोजतो आहे. तेव्हा सर्वसाधारण पान अर्ध्या एमबीच्या आसपास होतं. आता ते दोन एमबीच्या वर गेलं आहे. बातमी तेवढीच लांब, पाककृतीतलं मीठही तेवढंच. वाढले ते फोटो, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, जाहिराती आणि तुम्ही कुठे बोट ठेवता ते टिपणाऱ्या स्क्रिप्ट.

ब्राउझरची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. २००८ मध्ये क्रोम आला तो टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची कल्पना घेऊन. एक पान कोसळलं तर बाकीची वाचावीत म्हणून. २०१८ मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमने एकाच पानात आलेल्या वेगवेगळ्या साइटसुद्धा एकमेकींपासून वेगळ्या केल्या. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल, असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. बँकेचा पासवर्ड शेजारच्या जाहिरातीच्या हाती लागू नये म्हणून मोजलेली ही किंमत आहे, आणि ती मला मान्य आहे. पण गंमत बघा: एका पानात पाच परक्या ठिकाणांहून जाहिराती आल्या, तर त्या पाच पाहुण्यांना वेगळ्या खोल्या द्याव्या लागतात. खोल्या तुमच्या घरातल्या, वीजही तुमचीच.

या पाहुण्यांना धाडतं कोण, याची चौकशी याच देशात झाली आहे. ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, २०२१ च्या अहवालात अंदाज दिला की जाहिरात-तंत्रज्ञानाच्या साखळीतून विकल्या गेलेल्या जाहिरातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाहिराती २०२० मध्ये गूगलच्या किमान एका सेवेतून गेल्या. आणि तोच गूगल आपल्यापैकी बहुतेकांचा ब्राउझर बनवतो. क्रोमने एक्स्टेन्शनचे जुने नियम बंद केले तेव्हा 'यूब्लॉक ओरिजिन' हा जाहिराती अडवणारा गडी तिथून बाद झाला; त्याचा 'लाइट' अवतार उरला. फायरफॉक्समध्ये मूळचा अजून चालतो. नवे नियम सुरक्षेसाठी आहेत असं गूगल म्हणतं. असेलही. पण दाराला कुलूप कुठलं लावायचं हे पाहुणे धाडणाऱ्यालाच का विचारायचं?

आता मुद्द्याचं. निकाल देण्याआधी दोन मिनिटांची उलटतपासणी करा. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. मॅकवर क्रोमच्या 'विंडो' मेनूत टास्क मॅनेजर मिळेल. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी अबाउट:प्रोसेसेस टाइप करा. समोर यादी येईल: कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती मेमरी आणि किती सीपीयू खातंय. पंखा घरघरत असेल तर सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात वरचं नाव वाचा. टॅब बदलताना सगळंच अडखळत असेल तर मेमरीचा रकाना बघा. मेमरीचा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका; मोकळी रॅम वापरली जावी यात गैर काही नाही. ती भरून यंत्र डिस्कवर सामान हलवू लागतं, तेव्हा खरा त्रास सुरू होतो.

मी ही तपासणी केली ती नवा लॅपटॉप घेतल्यानंतर, हे कबूल करतो. जूनमध्ये घेतलेला तो लॅपटॉप दिवाळीपर्यंत जुन्यासारखाच घरघरू लागला. यादीत सगळ्यात वर होतं एक कॅशबॅकचं एक्स्टेन्शन. कधीतरी आठ डॉलर वाचवायला घातलेलं, आणि तेव्हापासून मी उघडेन ते प्रत्येक पान चाळणारं. नव्या यंत्रात ते आलं कुठून? मीच आणलं. जुन्याच खात्याने साइन-इन केलं आणि सिंकने सगळी एक्स्टेन्शन्स निमूटपणे नव्या घरात आणून ठेवली. घर बदललं, ढेकूण सोबत आले. दीड हजार डॉलर खर्चून मी फक्त ढेकणांची सोय केली होती.

म्हणून सांगतो: शेवटचं कधी वापरलं ते आठवत नाही, ते एक्स्टेन्शन काढून टाका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे. तो चालू केला की न वापरलेले टॅब झोपतात आणि क्लिक केल्यावर जागे होतात. 'सिस्टीम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे ना ते बघा, नाहीतर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. जाहिराती अडवा. आवडत्या मासिकाचं पोट जाहिरातींवर चालत असेल, तर त्याची वर्गणी भरा. तो सरळ व्यवहार आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? नवा लॅपटॉप निवडायला, फायली हलवायला, पासवर्ड आठवायला एक अख्खा शनिवार जातो, तो तुमच्याकडे असतो. ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे. कधीकधी निकाल खरोखर यंत्राविरुद्ध लागेल, हेही मान्य. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हाल होणारच. पण तिथेही अनेकदा एसएसडी बसवून भागतं. सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील तर मात्र बँकेचं काम त्यावर करू नका.

आणि आई-बाबा? त्यांचा लॅपटॉप हळू झाला की आपण इथून सुनावतो, "तुम्ही किती टॅब उघडून ठेवता!" आणि अपराधी वाटलं की नवा ऑर्डर करून मोकळे होतो. आई बिचारी नव्या कीबोर्डवर पुन्हा 'ळ' शोधत बसते. तिने पाककृतीचं एक पान उघडलं होतं. त्या पानाने तीन व्हिडिओ परस्पर सुरू केले, ही तिची चूक कशी? पुढच्या रविवारी फोन लावाल तेव्हा तिला स्क्रीन शेअर करायला सांगा आणि ती यादी दोघांनी मिळून वाचा.

व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून ई-कचरा कचराभूमीत टाकायला बंदी आहे. तुमचा जुना लॅपटॉप तिथे जाणार नाही, पुनर्वापर केंद्रात जाईल, म्हणून मनाला बरं वाटतं. पण चालतं यंत्र मोडीत काढलं तर तेही वाया घालवणंच आहे. या जूनमध्ये जाहिरात हातात आली की आधी शिफ्ट-एस्केप दाबा. दोषी कोण ते यादीच सांगेल.