दोन पदव्या हव्यात, तर दोन कायदे शिका

दरवर्षी प्रवेशांचे दिवस आले की इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या कोणाचा तरी फोन येतो. भाची पुण्यात पाच वर्षांचं लॉ संपवते आहे, किंवा मुलगा इथेच वाढला आणि त्याला तंत्रज्ञान कायद्यात शिरायचं आहे. प्रश्न साधारण एकच असतो. एका वर्षाची एलएलएम करावी, की दोन विद्यापीठांची मिळून दोन वर्षांची दुहेरी मास्टर्स? मी नेदरलँड्समध्ये डेटा संरक्षणाच्या कामात आहे, आणि माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. दोन्ही वर्षं एकाच कायद्याची असतील तर दुसऱ्या वर्षाचे पैसे वाया जातात. दोन वेगळ्या कायदेपरंपरा शिकायला मिळणार असतील, तर ऐपत असेल त्याने जरूर जावं.

असं का म्हणते, ते एका नेहमीच्या व्यवहारावरून सांगते. युट्रेक्टमधली एक कंपनी आपल्या ग्राहकांची माहिती हिंजवडीतल्या कंपनीकडे प्रक्रियेसाठी पाठवते. आपल्यातल्या किती जणांची नोकरी या एका वाक्यात बसते! युरोपीय आयोगाने भारताला ‘पुरेसं संरक्षण देणारा देश’ असा दर्जा दिलेला नाही. त्यामुळे हा डेटा बहुतेक वेळा 2021 च्या प्रमाणित करारकलमांच्या आधारे जातो. पण नुसतं करारावर सही करून भागत नाही. जिथे डेटा चालला आहे, तिथलं सरकार तो कोणत्या अधिकाराने मागू शकतं, हे लेखी तपासावं लागतं. म्हणजे भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 उघडावं लागतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 17 वाचावं लागतं. या कलमात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. परदेशी कंपनीशी झालेल्या करारानुसार परदेशातल्या लोकांच्या डेटावर भारतात काम होत असेल, तर बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूटही याच कलमात आहे. डच वकिलाला ही कलमं माहीत नसतात. भारतीय वकिलाला ती माहीत असतात, पण लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा अंदाज नसतो. मग दोन्हीकडून सावध भाषेतली दोन मतं येतात, त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि काम अडून राहतं. दोन्ही बाजू वाचता येणारा माणूस त्या टेबलावर असला, तर ते पुढे सरकतं.

ही तपासणी आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. व्हिएन्नात कायदा शिकणारा मॅक्स श्रेम्स एका सत्रासाठी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात गेला. अमेरिकी कंपन्या युरोपच्या कायद्याला किती कमी लेखतात, हे त्याला तिथल्या वर्गात दिसलं. परतल्यावर त्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली, तेव्हा हजाराहून जास्त पानं निघाली. 2011 मध्ये त्याने आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रारी दाखल केल्या. पुढच्या लढाईत 6 ऑक्टोबर 2015 रोजी ‘सेफ हार्बर’ आणि 16 जुलै 2020 रोजी ‘प्रायव्हसी शील्ड’, अशा युरोपातून अमेरिकेत डेटा पाठवण्याच्या दोन व्यवस्था युरोपीय न्यायालयाने रद्द ठरवल्या. वरची तपासणी आली ती या दुसऱ्या निकालातून. हुशार विद्यार्थी व्हिएन्नात पुष्कळ होते. दुसऱ्या देशाच्या वर्गात बसल्यावर आपल्या कायद्याची जी बाजू दिसते, ती याला दिसली आणि त्याने तिचा पिच्छा सोडला नाही.

तरी डेटा संरक्षण म्हणजेच तंत्रज्ञान कायदा, असं समजू नये. मला स्वतःला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुराव्याचा प्रश्न. यंत्राने सांगितलेलं न्यायालयाने कितपत खरं मानायचं?

या प्रश्नावरचा भारतातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या प्रकरणातला आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रीकरण होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. मिळालं नाही ते पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलेलं नसेल, तर प्रतीसोबत हे प्रमाणपत्र लागतंच. ज्याच्या हाती ते देणं आहे तो देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे जावं आणि न्यायालयाने ते मागवावं. खोतकरांची निवड रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय मात्र इतर पुराव्यांवर कायम राहिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही अट आणखी कडक झाली आहे. आता यंत्राची जबाबदारी असणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावं लागतं.

ही अट आली इंग्लंडमधून. 65-ब ची भाषा बरीचशी तिथल्या 1968 च्या दिवाणी पुरावा कायद्यातली आहे. भारताने ती 2000 साली घेतली, तोवर इंग्लंडने ती 1995 च्या कायद्याने काढूनही टाकली होती. फौजदारी खटल्यांत संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची जी वेगळी अट होती, तीही इंग्लंडने 1999 च्या कायद्याने रद्द केली. तेव्हापासून तिथे संगणक बरोबर आहे असंच धरून चालतात, आणि शंका उभी करण्याचं ओझं आरोपीवर पडतं. त्याच सुमारास तिथल्या पोस्ट ऑफिसांमध्ये ‘होरायझन’ ही हिशोबाची प्रणाली आली. प्रणालीत दोष होते, हिशोबात नसलेली तूट दिसायची आणि चोरीचा आळ पोस्ट चालवणाऱ्यांवर यायचा. 900 हून अधिक जण दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाची माणसं थोडी नव्हती. एका गरोदर बाईला तुरुंगात जावं लागलं. संसार मोडले, काहींनी जीव दिला. शेवटी 2024 मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून शिक्षा पुसाव्या लागल्या.

भारतात कागदाची सक्ती एवढी, की डोळ्यांसमोरचं चित्रीकरण अडकून पडतं. इंग्लंडमध्ये विश्वास एवढा, की सदोष यंत्रापुढे माणसाच्या शब्दाला किंमत राहिली नाही. दोन्ही देशांतला पुरावा कायदा ज्याने नीट अभ्यासला आहे, त्याला या दोन चुका शेजारी शेजारी ठेवता येतात आणि तिसरा मार्ग कसा असावा हे मांडता येतं. उद्या कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचं कर्ज नाकारलं, कोणाला संशयित ठरवलं, तर न्यायालयात हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. त्या वेळी असा अभ्यास केलेली माणसं फार थोडी असतील, याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून माहितीपत्रक वाचताना विद्यापीठांची नावं नंतर पाहा, आधी विषयांची यादी पाहा. पहिल्या वर्षी जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा), दुसऱ्या वर्षीही जीडीपीआर, फक्त शहर बदललं, असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. युरोपात वर्षाला 60 क्रेडिट असतात. दुहेरी पदवीच्या 120 पैकी किती खरोखर नवीन आहेत, आणि एकच प्रबंध दोन्हीकडे चालवून घेतला जातो का, हे लेखी विचारा. एक वर्ष युरोपीय संहितांच्या परंपरेत आणि दुसरं इंग्लंड, आयर्लंड, सिंगापूर किंवा अमेरिकेच्या निकालाधारित परंपरेत, अशी जोडी मला सर्वांत सकस वाटते. भारतात एलएलबी केलेल्याला निकाल वाचायची सवय असते. संहितेतून विचार करणं त्याला नव्याने शिकावं लागतं, आणि त्यासाठी एक अख्खं वर्ष लागतं.

यावर लोक म्हणतात, हे सगळं नोकरीतही शिकता येतं. काही प्रमाणात ते खरं आहे. पण नोकरी अशिलाच्या गरजेपुरतं शिकवते. जालना आणि होरायझन एकत्र वाचायला पगार देऊन कोणी बसवत नाही.

सनदेविषयी मात्र पालकांचा गैरसमज मोठा आहे. परदेशी मास्टर्स झाली म्हणजे परदेशात वकिली करता येते, असं नाही. नेदरलँड्समध्ये ॲडव्होकाट व्हायला डच कायद्याची पदवी आणि डच भाषा हवी, जर्मनीत दोन राज्यपरीक्षा. इंग्लंडमध्ये 2021 पासून एसक्यूई ही सॉलिसिटर परीक्षा आहे, तिला बसायला तिथली मास्टर्स लागतच नाही. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेसाठी एलएलएम उपयोगी पडू शकते, पण विषयांच्या अटी पाळलेली. डेटा संरक्षण अधिकाऱ्याच्या कामाला जीडीपीआर सनद मागत नाही, कायद्याचं आणि व्यवहाराचं तज्ज्ञ ज्ञान मागतो. दुहेरी मास्टर्सवाल्यांना वाट आहे ती बहुतेक अशा कामांतून, आणि मुलांना हे कर्ज काढण्याआधी कळायला हवं. डच विद्यापीठांत युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण 15 ते 25 हजार युरो फी पडते, राहणं-खाणं वेगळं. घर तारण ठेवून यायचं असेल, तर आधी दोन वर्षं भारतात वकिली करून या, असं मी स्पष्ट सांगते. ज्याने एकदा तरी न्यायालयात सीडी दाखल करायचा प्रयत्न केला आहे, त्याला इथल्या वर्गात काय विचारायचं ते ठाऊक असतं.

आणि परत जाण्याचा पर्याय कमी लेखू नका. भारताच्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत 18 महिन्यांची मुदत आहे. पुण्या-मुंबईतल्या बँका, रुग्णालयं, विमा कंपन्या, शाळा या सगळ्यांना हा कायदा समजावून सांगणारी माणसं लागणार आहेत, आणि ती मराठीत समजावू शकली तर फारच बरं.

मंडळाकडे माझी एक मागणी आहे. आपल्यात प्रणाली बांधणारे आणि चालवणारे अभियंते भरपूर आहेत, आणि कायदा शिकायला येणारी मुलं तंत्रज्ञान बहुतेक पुस्तकातूनच ओळखतात. लॉग म्हणजे काय, तो कोण बदलू शकतो, बॅकअप कुठे राहतो, हॅश कसा काढतात, हे एखाद्या शनिवारी सभागृहात लॅपटॉप उघडून त्यांना दाखवावं. पहिल्या शनिवारची सोय मी करते. शिकवायला कोण येणार, तेवढं कार्यकारिणीकडे नाव नोंदवून कळवा.