कोऱ्या चौकटीची बाजू

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मंडळी पेंगायला लागली की ट्रेनर हमखास विमानाची गोष्ट काढतो. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, इंधन भरताना पौंड आणि किलोचा घोळ. ४१,००० फुटांवर इशारे वाजायला लागतात, थोड्या वेळात दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन ते धूड ग्लायडरसारखं तरंगवत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवतात, ६९ च्या ६९ जण वाचतात. टाळ्या. तात्पर्य: एककं तपासत जा. चला, चहा घेऊ.

मला या तात्पर्याचा मनापासून राग येतो. गोष्ट खोटी नाही, पण ती भलत्याच ठिकाणी सुरू केलेली आहे.

जेट विमानाची मुख्य टाकी म्हणजे पंखातली पोकळी. वेडावाकडा आकार, त्यात विमान कलतं, इंधन हिंदकळतं. म्हणून आत ठिकठिकाणी नळीत नळी बसवलेली असते. दोन नळ्यांमधल्या फटीत इंधन जितकं वर चढेल तितकी विद्युत धारिता वाढते, कारण इंधनाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हवेच्या साधारण दुप्पट. सगळ्या नळ्यांचा हिशोब एक प्रोसेसर करतो आणि उत्तर देतो ते वजनात. लिटरचा भरवसा नाही, इंधन तापलं की फुगतं. इंजिनाला मिळणारी ऊर्जा किलोवर ठरते.

त्या ७६७ मध्ये या प्रोसेसरचे दोन चॅनल होते. एक गेला तर दुसऱ्याने काम उचलायचं. पण एका कच्च्या सोल्डरिंगमुळे एक चॅनल पुरता न मरता अर्धमेला झाला, आणि अर्धमेल्याला मेलेला समजायची सोय डिझाइनमध्ये नव्हती. (सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?) एडमंटनच्या तंत्रज्ञाने त्या चॅनलचा ब्रेकर खेचून ठेवला, तर इंधनाचे आकडे परत आले. माँट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी ब्रेकर पुन्हा दाबला आणि तो तसाच राहिला. आकडे गायब. तिन्ही चौकटी कोऱ्या.

इथे जरा थांबा. या क्षणी यंत्र शंभर टक्के खरं बोलत होतं: 'मला माहीत नाही.' किमान उपकरणांच्या यादीप्रमाणे अशा विमानाला उडायची परवानगीही नव्हती. म्हणजे यंत्र आणि नियम दोघेही बरोबर होते. कोरी चौकट खुपली ती माणसांना.

मग त्यांनी ती भरली. पंखाखालच्या मोजपट्ट्या काढून पाहिल्या: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. इंधनाच्या कागदावर १.७७ हा गुणक होता. तो पौंडाचा, किलोचा साधारण ०.८. ७,६८२ गुणिले १.७७, म्हणजे १३,५९७ 'किलो'. बाकीसाठी ४,९१७ लिटर भरले, खरे लागणार होते २०,००० च्या वर. ओटावाला थांबल्यावर पुन्हा मोजलं, पुन्हा तोच १.७७. एककाची चूक ती हीच, नाकारत नाही. पण खरा गुन्हा मला पुढे दिसतो. हा कागदावरचा आकडा फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये हाताने टाकला गेला. कॉम्प्युटर त्यातून खर्च वजा करत राहिला आणि शिल्लक दाखवत राहिला, अगदी मोजल्याच्या थाटात. इंधनाच्या दाबाचे इशारे वाजू लागले तेव्हाही त्याच्या हिशोबाने भरपूर इंधन होतं! मोजलेला आकडा आणि कुणीतरी सांगितलेला आकडा एकाच तोऱ्यात दाखवणं, यालाच मी खोटं बोलणं म्हणतो.

उलट उदाहरण बघा. ६ ऑगस्ट २००५, ट्युनिंटरचं एटीआर ७२, बारीहून जेर्बाला निघालेलं. आदल्या दिवशी इंधनाचा इंडिकेटर बदलला, तो निघाला एटीआर ४२ चा. जागेत चपखल बसला, पण दोन्ही विमानांच्या टाक्या वेगळ्या, हिशोब वेगळा. इथे चौकट एकदाही कोरी झाली नाही. टाक्या कोरड्या पडल्या तरी आकडा ठणठणीत. कमी इंधनाचा इशाराही त्याच यंत्राच्या हिशोबावर, त्यामुळे तोही गप्प. विमान पालेर्मोजवळ समुद्रात उतरवावं लागलं, ३९ पैकी १६ जण गेले.

आमच्या बाबांच्या चेतकला पेट्रोलचा काटाच नव्हता. स्कूटर हलवून आवाज ऐकायचा, बंद पडली की नॉब रिझर्व्हवर. पण तिने कधी थाप मारली नाही.

आणि आम्ही काय बनवतो? सध्या जनरेटरच्या डिझेल टाक्यांची पातळी दाखवणारी एक स्क्रीन चालू आहे. ग्राहकाचं म्हणणं, सेन्सर बंद पडला तर शेवटचा आकडा तसाच ठेवा, कोरी चौकट मोठ्या साहेबांना बरी दिसत नाही. आमच्यातला एक हुशार म्हणाला, मग शून्य दाखवू. अरे बाबा, शून्य हीसुद्धा माहितीच आहे! 'टाकी रिकामी' आणि 'टाकीचं ठाऊक नाही' यात फरक नसेल तर तो सेन्सर लावलाच कशाला?

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: कोरं दिसलं की लोक घाबरतात, काहीतरी स्वतःच भरतात, गिमलीला तेच झालं की. कबूल. भरू द्या. पण भरलेला आकडा वेगळ्या रंगात दाखवा, कुणी आणि कधी भरला ते शेजारी लिहा. ही दोन दिवसांची कामं आहेत, रॉकेट सोडायचं नाहीये. यंत्राने कबूल केलेलं अज्ञान लपवायला मात्र माझा प्रोग्रॅम वापरू नका.

रिव्ह्यू शुक्रवारी आहे. चौकट कोरी ठेवून पाठवली आहे.