पेप्टाइडची परीक्षा रक्तात घ्या

सुपरबगचा कर्दनकाळ सापडल्याची बातमी वरचेवर झळकते. कधी तो बेडकाच्या कातडीतून येतो, कधी एखाद्या किड्याच्या शरीरातून. प्रयोगशाळेत त्या पेप्टाइडने, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने, जंतूंचा फडशा पाडलेला असतो, यात खोटे काही नाही. फक्त तिथे रक्त नसते.

रक्ताच्या एक लिटर प्लाझ्मामध्ये एकट्या अल्ब्युमिन या प्रथिनाचेच प्रमाण साधारण ३५ ते ५० ग्रॅम असते. शिरेतून दिलेल्या अनेक औषधांचा बराच भाग अशा प्रथिनांना चिकटतो. चिकटलेला रेणू जंतूवर चालून जाऊ शकत नाही. लढतो तो मोकळा राहिलेला. शिवाय पेप्टाइडचे तुकडे पाडणारी एन्झाइम्सही रक्तात असतातच.

म्हणून चिकटणे वाईटच, असेही नाही. डॅप्टोमायसिन या पेप्टाइड प्रतिजैविकाचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. एलाय लिली कंपनीने स्नायूंवरच्या दुष्परिणामांमुळे ते गुंडाळून ठेवले होते. क्युबिस्ट कंपनीने १९९७ मध्ये त्याचे हक्क घेतले, दिवसातून दोनदाऐवजी एकदाच डोस द्यायचे ठरवले आणि २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवली. पेप्टाइड कुळातलेच डाल्बाव्हॅन्सिनही असेच चिकटते. पण ही पकड सैल असते. मोकळे रेणू खर्ची पडतील तसे चिकटलेले सुटत जातात. त्यामुळे डाल्बाव्हॅन्सिन शरीरात दोन आठवडे टिकून राहते.

आयसीयूत हे गणित बिघडते. अत्यवस्थ रुग्णाचे अल्ब्युमिन घसरते, तर संसर्गात अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन हे रक्तातले दुसरे प्रथिन वाढते. भारतातल्या आयसीयूंमध्ये शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे पॉलिमिक्सिन बी नेमके या ग्लायकोप्रोटीनला चिकटते. तोच डोस, तरी मोकळे औषध प्रत्येकात वेगळे.

तेव्हा नव्या पेप्टाइडचा गाजावाजा होण्याआधी, निधी मंजूर होण्याआधी एक आकडा मागितला जावा: मानवी सीरम घातल्यावर औषध किती पट जास्त लागले? चाचणी नेहमीचीच. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध उतरत्या प्रमाणात भरायचे, जंतू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या खळग्यापर्यंत द्रव नितळ राहिला, म्हणजे जंतू वाढले नाहीत, ते पाहायचे. शेजारच्या ओळीत हेच सारे करायचे, फक्त सोबत मानवी सीरम मिसळायचे. नितळ खळगे किती कमी झाले, हे एका रात्रीत कळते, आणि ते कोणत्याही रुग्णावर प्रयोग करण्याआधी कळते.